व्याहीबुवांचा डबा आणि आमचे स्पीकर

शिनोली

आदरणीय भगवंतराव, व्याहीबुवा, मु. आळेफाटा, यांस शिनोलीकर सुदर्शन याचा सादर नमस्कार.

आपली पाठदुखी आता कशी आहे? हॉटेलच्या गल्ल्यावर ताठ पाठीच्या खुर्चीत बसत जावे, असे मी मागील भेटीत सुचविले होते. आपण उशी घेतलीत, असे आमच्या श्रेयाकडून कळले. उशी हा उपाय नव्हे, पण पाठ आपली आहे. विहीणबाईंना नमस्कार व जावईबापू भरतरावांना आशीर्वाद सांगावेत. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. आंब्याला मोहोर बरा आहे, आणि डिंभ्याची एसटी अद्याप स्वतःच्या सोयीने येते.

आपण पाठविलेला काळा डबा पोहोचला. टीव्हीला जोडला की इंटरनेटवरचे सारे दाखविणारी ही वस्तू आपल्या हॉटेलातील बालूशाहीपेक्षा मोठी नाही, याचे कौतुक वाटले (आपली बालूशाही अलीकडे लहान झाली आहे, हे लक्षात घेऊनही). भेटीबद्दल आभारी आहे. तिच्याबरोबर आलेल्या निरोपाबद्दल तितकासा नाही. ‘ती दोन कपाटं आता भजनी मंडळाला देऊन टाका’, हा आपला निरोप. भगवंतराव, ती कपाटे नव्हेत. ते माझे स्पीकर आहेत. हयातभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसाने गणित मांडून त्या पेट्यांची मापे काढली, आणि जानकू सुताराने त्या मला पसंत पडेपर्यंत पुनःपुन्हा केल्या (जानकू तेव्हापासून आमच्या गल्लीतून जात नाही). पण आपला निरोप सौभाग्यवतींच्या कानी पडायचा तो पडलाच. त्यांना त्या कोपऱ्यात घरघंटी हवी आहे. गिरणीवाला गेणभाऊ ज्वारीवर गहू दळतो, हे त्यांचे गाऱ्हाणे रास्त आहे, हे मीही मान्य करतो. तरी ध्वनिशास्त्राच्या जागी दळण बसविणे मला मंजूर नव्हते. अखेर त्यांनीच अट घातली: शेजारच्या दादाभाऊंच्या भाच्याचा बैलगाडा यात्रेत पळेल, ती बारी टीव्हीवर दिसेल आणि या खोक्यांतून साऱ्या आळीला स्वच्छ ऐकू येईल, तर खोकी राहतील. नाही तर घरघंटी. (आपण गल्ल्यावरून उठत नाही म्हणून सांगतो: घाट म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी, आणि गाड्याची घाटातली एक दौड म्हणजे बारी. हल्ली त्या इंटरनेटवर थेट दाखवितात.)

जोडणी तत्त्वतः सोपी होती. डबा टीव्हीला, आणि टीव्हीमागून लाल व पांढऱ्या टोकांची वायर माझ्या ॲम्प्लिफायरला. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर अशा वायरींसाठी भोकांच्या अनेक जोड्या आहेत. त्यांपैकी एकाच जोडीला सोन्याचा मुलामा आहे. उत्तम वायरीला उत्तम जागा द्यावी, या सरळ न्यायाने मी ती जोडी निवडली. टीव्ही लावताच बातम्या देणाऱ्या बाईंच्या मुखातून असा काही घरघराट उमटला, की कुंपणापलीकडून दादाभाऊ ओरडले, “सर, पिठाची गिरणी घेतली व्हय? लई झ्याक, आमचंबी दळण आणतो!” यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मग खरीच घेतली असती तर पीठ तरी मिळालं असतं.”

मी क्रमाने विचार केला. वायर निर्दोष होती, ॲम्प्लिफायर माझा होता, तेव्हा दोष आपल्या डब्यात असणार हे उघड होते. तसे श्रेयाला सविस्तर कळविले (त्या मजकुरातील ‘हॉटेलवाल्याची पारख’ हे शब्द तिने आपल्याला वाचून दाखविले असल्यास ते संदर्भासह वाचावेत). तिने फोनवर ॲम्प्लिफायरची पाठ दाखवायला सांगितली आणि म्हणाली, “अण्णा, ते तबकडीच्या प्लेअरचं आहे. तिथला आवाज मुळात बारीक असतो, म्हणून ते त्याला फुगवतं. शेजारच्यात घाला.” मी त्याच निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो, तिने माझा वेळ वाचविला. शेजारच्या साध्या, काळवंडलेल्या भोकांत वायर घालताच बातम्यांच्या बाई इतक्या स्वच्छ बोलू लागल्या, की त्यांचे उच्चार किती सदोष आहेत हे प्रथमच कळले.

यात्रेच्या दिवशी आळी घरात मावेना, म्हणून टीव्ही, डबा व स्पीकर पडवीत मांडले. दोन्ही स्पीकर व सौभाग्यवतींची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण मी दोरीने साधला होता. आळीतल्या साळुबाईंनी मधेच सतरंजी अंथरून तो बिघडविला, पण वयाकडे पाहून मी त्यांना उठविले नाही. अंगणापलीकडे दादाभाऊंचा शर्यतीचा बैल पाखऱ्या बांधलेला होता. पाय मुरगळल्यामुळे तो यंदा घरीच होता. बिचारा पंधरवडाभर लंगडत होता, आणि दादाभाऊ त्याला हाताने ओला चारा भरवीत होते.

भाच्याच्या गाड्याचे नाव पुकारले गेले. हलगी वाजली. ती हलगी, भगवंतराव! कातड्यावर पडणारी काडी वेगळी ऐकू येत होती. निशाण पडले, निवेदकाने आरोळी ठोकली, आणि त्याच क्षणी पाखऱ्याने मान उचलली, हिसक्यासरशी दावे तोडले आणि लंगडेपणाचा लवलेशही न दाखविता अंगण ओलांडून थेट डाव्या स्पीकरपाशी येऊन थांबला. साळुबाई सतरंजीसकट कोठे गेल्या, हे कोणाला दिसले नाही. बारी कोणी जिंकली, हेही कोणी पाहिले नाही. दादाभाऊ तेवढे कंबरेवर हात ठेवून ओरडत होते, “आरं नाटक्या! पंधरा दिस मला फसवून चारा खातूयस व्हय रं?”

माणसे भिडस्त असतात. यजमानाचा चहा घेऊन काहीही वाखाणतात. बैलाला भीड नाही. घाटात उभे राहून आयुष्य काढलेल्या जनावराने माझ्या स्पीकरच्या आवाजाला प्रत्यक्ष घाट मानले, याहून मोठी पावती ध्वनिशास्त्रात असल्याचे मला ठाऊक नाही. आळीला स्वच्छ ऐकू आले, हे सौभाग्यवतींनीही मान्य केले. मी समाधानी आहे. आपला भजनी मंडळाविषयीचा प्रस्ताव मागे घेतल्याचे दोन ओळींत कळवावे.

आपला स्नेहांकित,
सुदर्शन

ता. क. – वर ‘येऊन थांबला’ असे लिहिले आहे. वस्तुतः पाखऱ्याचे शिंग डाव्या स्पीकरच्या पडद्यातून आरपार गेले, आणि म्हणून तो थांबला. आपल्या हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये जुन्या मोठ्या स्पीकरची एक जोडी धूळ खात पडलेली मी पाहिली आहे. त्यातील एकाचा पडदा मापाने जुळेल असे वाटते. कृपया भरतरावांबरोबर पाठवावा. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

ता. क. २ – घाई मात्र करू नये. सौभाग्यवतींनी त्या कोपऱ्यात तात्पुरती घरघंटी आणून बसविली आहे. पीठ अतिशय बारीक व एकसारखे पडते. दळताना तिचा आवाजही उजव्या स्पीकरला बाधत नाही, कारण दळण असले की मी टीव्ही बंद करून घरघंटीजवळच बसतो. हे विहीणबाईंच्या कानी जाऊ देऊ नये. त्या सौभाग्यवतींना सांगतील.