खोड असलेला घोडा

प्रिय भिंगरी,

घोडे ठरले. नऊ पाहिले, दोन पसंत केले. वाट तीच, पठारावरून नदीच्या उगमापर्यंत, जाऊन-येऊन बारा दिवसांची. त्यांतली घोडी तुझ्यासाठी आहे. तू हो म्हटलेलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं. आता विचारतो आहे.

या वेळी रूपाकडे पाहिलं नाही. आधी खूर पाहिले, मग पाठ. लांबच्या वाटेला आखूड पाठीचा, कडक खुरांचा, दहा-बारा वर्षांचा घोडा बरा. कोवळा घोडा उड्या मारण्यातच दम घालवतो. अनोळखी ओढ्याचं पाणी पितो का, हेही पाहायचं. हट्टी जनावर दिवसभर तहानलेलं राहतं आणि संध्याकाळी बसकण मारतं. प्रत्येकाला तीन तास चालवलं, मग खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवला. घाम सगळीकडे सारखा हवा. मधेच कोरडा डाग लागला, तर तिथे खोगीर रुततंय असं समजायचं. चौथ्या दिवशी नेमकी तिथेच जखम होते. तबेल्याचा मालक म्हणाला, काका, जावई निवडताना एवढं पाहिलं होतं का? मी म्हटलं, जावई मुलीने निवडला, मला पत्राने कळवला. तो हसला. मीही हसलो.

तुझ्या खोलीत आता खोगीरं ठेवली आहेत. तेल लावलेल्या चामड्याचा वास जिन्यापर्यंत येतो. दिवसभर बोलायला कुणी नसतं, म्हणून घोड्यांशी बोलतो. ते निदान कान हलवतात.

तुझी घोडी करडी आहे, बुटकी, शांत. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको. ते मांडायला बसलो तेव्हा लक्षात आलं, तुझं वजन मला माहीत नाही. रिकिबीचे पट्टे जुन्याच भोकांवर बांधले आहेत, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पायांना. डावा गुडघा अजून दुखतो का, तेही ठाऊक नाही. कळव.

तेव्हाही तुझा घोडा मीच निवडला होता. काळा, उंच, मान उडवत चालणारा. याचे खूर मऊ आहेत, असं नालबंदाने बजावलं होतं. मी त्याला वेड्यात काढलं. तिसऱ्या दिवशी घोडा लंगडला. मेंढपाळाच्या त्या रिकाम्या झोपडीपाशी मी तुला म्हटलं, "तू थांब याच्यापाशी. आम्ही पुढे होतो." मी वाटाड्या होतो, मागे सहा माणसं होती, पुढचा मुक्काम ठरलेला होता. ही कारणं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतो आहे, आणि त्यांतलं एकही खोटं नाही. सहा दिवसांनी उलट वाटेने आलो तेव्हा तू घोड्याचा पाय धूत बसली होतीस. वर पाहिलं नाहीस.

माझ्यासाठी घेतलेल्या घोड्यात खोड आहे. मालकाने ती आधीच सांगितली. सरळ माणूस आहे. मी स्वतःही पाहिली. मालकाला तुझी करडी मागे धरून ठेवायला सांगितलं आणि हा पुढे काढला. वीस पावलं गेला आणि थांबला. टाच मारली, लगाम ओढला, चुचकारलं. पठ्ठ्या जागचा हलला नाही. मान वळवून तिची वाट पाहत राहिला, आणि ती शेजारी आल्यावरच चालू लागला. मालक म्हणाला, वाटाड्याला असला घोडा कामाचा नाही, दुसरा घ्या. मी हाच घेतला. वाटेत तुझी घोडी अडली, तर मला पुढे जावंसं वाटलं तरी जाता येणार नाही. माझी खात्री मी देऊ शकत नाही, भिंगरी. याची देतो.

अजून तुझाच,
बाबा