गरम सिलेंडरचं माप

अण्णा, आज मी माझी चूक तुमच्यावर ढकलली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, उलटून बोलायला तुम्ही न्हाईत, म्हणूनच ढकलली असणार.

वाटूरचा एक ट्रॅक्टरवाला गेल्या आठवड्यात इंजिन घेऊन आल्ता. सिलेंडर आतून कापून मोठं करायचं, त्यात नवा पिस्टन बसवायचा. आपलं रोजचंच काम. पण गडी खुर्चीवर बसंना. माझ्या मागं उभा राहून, "ताई, जमंल ना? न्हाई तर दुसरीकडं नेतो," हेच चालू. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. म्हणलं, थांब, दाखवतेच तुला. मशीनचा शेवटचा हात मारला आणि त्याच्या डोळ्यांदेखत लगेच मापायचं गेज आत सोडलं. वर, मधी, खाली, उभं-आडवं, सगळीकडं माप बराबर. "घ्या," म्हणलं.

तुम्ही असता तर हातातून गेज हिसकून घेतलं असतं. मला शिकवलं तो दिवस आठवतो. पत्र्याखाली उन्हाची भट्टी लागलेली. तुम्ही माझ्या वेणीतला एक केस उपटता, पिस्टनशेजारी धरता आणि म्हणता, "माय, पिस्टनला हलायला एवढीच जागा लागती. आत्ता लोखंड गरम हाय, फुगलंय. आत्ता मापशील तर जागा दिसंल, आणि थंड झालं की आवळंल. आधी पाणी पी, चहा पी, मंग माप." गिऱ्हाईक बोंबलायचं आणि तुम्ही खुशाल बशीत चहा ओतत बसायचे. आई घरून निरोप धाडायची, "यांचं इंजिन थंड होईस्तोवर माझी भाकर थंड झाली."

आज ते इंजिन परत आलं. शेतात जरा चाललं न चाललं तोच पिस्टन आत जाम. ट्रॅक्टरवाल्यासोबत त्याचा मिस्त्री. दोघं माझ्या तोंडाकडं बघून राह्यले. मी गरम मापलं, हे मला बघताक्षणी कळलं होतं. ओठावर आलंही. पण पोरगी मशीनवर उभी केली म्हणून लोक तुम्हाला काय काय बोलले ते मला ठाऊक हाय. वाटलं, एकदा चूक कबूल केली की दुकानाची पायरी कोणी चढायचं न्हाई. म्हणून म्हणले, "आमच्या अण्णांच्या वेळचं गेज हाय हो, तेच दगा देऊन राह्यलं."

लगेच पटलं त्यांना! मिस्त्री मान हलवून म्हणतो, "तरीच! म्हाताऱ्याचं शेवटी शेवटी असंच व्हायचं. दिसत नव्हतं त्याला, पण मशीन सोडवत नव्हती." साफ खोटं, अण्णा. तुमच्या हातचं एकही इंजिन परत आलेलं मला आठवत न्हाई. ते गेल्यावर मी गेज तपासून पाह्यलं. बिलकुल बरोबर हाय. तपासावं वाटलं, याचीच किती लाज वाटली.

सिलेंडर पुन्हा करून देईन, फुकट देईन, ते तर करायचंच. पण आपल्या मस्तगडपासून वाटूरपर्यंत टपरी-टपरीवर आता तुमचं नाव घोळंल, आणि ते मीच बाजारात मांडलं. माझ्यासाठी तुम्ही सगळ्या भावकीशी भांडलात. मला एका गिऱ्हाइकापुढं तुमची बाजू घेता आली न्हाई. उद्या वाटूरला जाऊन खरं सांगावं म्हणते. जाईन का, ते माझं मलाच ठाऊक न्हाई.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई, म्हणून एवढं लिहिते. मिस्त्री "दिसत नव्हतं त्याला" म्हणून हसला ना, अण्णा, तेव्हा मी पण हसले.