खांबाभोवतीचा बाक

३ मार्च, सोमवार

बसायला जागा नाही! माझ्या हक्काच्या स्टेशनात!

डॉक्टर म्हणतात, गुडघ्यांसाठी सपाट जमिनीवर चाला. वर फुटपाथवर स्कूटर, कुंड्या, दुकानांच्या पाट्या — सपाट फक्त मोटारींना. म्हणून मी रोज सकाळी खाली भुयारी स्टेशनात उतरते. तिकिटाच्या फाटकांअलीकडे लांबलचक मोकळी जागा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि मधल्या जाड खांबाभोवती गोल बाक आहे, त्यावर दम खायचा. एवढंच माझं मागणं.

आज तिथे चार म्हातारे पसरलेले. गारव्याला आलेले फुकटे! एक चपला काढून मांडी घालून, एक तोंड उघडं टाकून घोरत. मी समोर उभी राहून घसा खाकरला. मांडीवाला म्हणाला, "या ना ताई, सरकतो आम्ही." ताई! तोंडात दात नाहीत आणि मी याची ताई!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी घेऊन मागून फिरायच्या. पाठ टेकली की सटकन. माझी पाठ आजही टेकत नाही. या लोकांना कोणी वेळेवर पट्टी दाखवली नाही, त्याचे परिणाम हे असे बाकावर सांडलेत.

४ मार्च

आमच्या यांनी चहात मीठ घातलं. आणि प्यायलेही! मी म्हटलं, "जीभसुद्धा रिटायर झाली वाटतं." टोपी घातली आणि वाचनालयात गेले.

रोज, मी चालून परतले की जातात. मीच लावून दिलंय — दिवसभर घरात माझ्या पायात पायात. काय वाचता विचारलं तर "चांगलं आहे." काय चांगलं आहे? "आहे." संपलं संभाषण.

७ मार्च

लेकीचा फोन. "आई, बाबांना एकदा डॉक्टरांना दाखव ना. परवा फोनवर मला आत्या समजून बोलत होते."

मी म्हटलं, "तुझा आवाजच आत्यासारखा आहे, चिरका." रागावली. रागावू दे. दुसऱ्या देशात बसून आईबापांवर देखरेख करायला सोपं असतं.

यांचं लक्ष नसतं, एवढंच. लग्नाच्या दिवसापासून नव्हतं. तेव्हा कोणी डॉक्टर सुचवला नाही!

१० मार्च

अक्षर वाकडं येतंय. सिस्टर असत्या तर पट्टी बसली असती.

सकाळी नळवाला आला म्हणून स्टेशनात दुपारी गेले. ते चार टोणगे होतेच, शिवाय त्यांच्याआड पाचवा कोणीतरी. मी खांबाच्या पाठीमागच्या बाजूला बसले. गोल बाकाची हीच सोय — त्यांना मी दिसत नाही आणि मला त्यांचं सगळं ऐकू येतं. कोणीतरी मोठ्यांदा हसलं. ओळखीचं हसणं, पण कुठे ऐकलंय आठवेना. मग आठवलं. लेक झाली त्या दिवशी ऐकलं होतं. त्यानंतर आजच.

हे! वाचनालयात असलेले माझे यजमान!

मी हलले नाही. मांडीवाला — तो शिंपी होता म्हणे, सारखा बाह्या आणि कॉलरांविषयी बोलतो — विचारत होता, "मग वहिनी गेल्या त्याला किती वर्षं झाली?"

हे म्हणाले, "झाली की बरीच."

"आजारी होत्या?"

"नाही हो. अशीच गेली. फार हसरी होती. टेलिफोन खात्यात होती ना — आवाज असा गोड! मी मुद्दाम चुकीचा नंबर मागायचो. ती ओळखायची आणि तरी जोडून द्यायची."

शिंपी म्हणाला, "नशीबवान तुम्ही." घोरणारासुद्धा जागा होऊन चुकचुकला. चौघांनी मिळून मला पोचवलं! मी दोन हात अंतरावर जिवंत, सुजलेले गुडघे धरून बसलेली!

हो, होते टेलिफोन खात्यात. पुढे सुपरवायझरही झाले. मुलींच्या नुसत्या "हॅलो"वरून मला कळायचं कुठली आज घरून रडून आली आहे, कुठली खोटं बोलते आहे. आणि हा माणूस माझं मरण इतक्या खऱ्या आवाजात सांगत होता की मलाच क्षणभर वाईट वाटलं! पक्का नट.

संध्याकाळी पान वाढताना विचारलं, "काय हो, तुमच्या वाचनालयात कोणी गेलं का?"

"नाही," म्हणाले. अगदी अदबीने. "भाजी छान झाली आहे."

११ मार्च

स्टेशनच्या साहेबाला भेटले. केसांना इतकं काहीतरी चोपडलेलं की दिवा त्यात दिसत होता. म्हणाला, "मॅडम, सार्वजनिक जागा आहे. माणसांना उठा म्हणायचा अधिकार आम्हाला नाही."

मी म्हटलं, "माणसांबद्दल कोण बोलतंय? मी बाकाबद्दल बोलतेय. गर्दीच्या वाटेत मधोमध आहे. उद्या आग लागली, धावाधाव झाली, कोणी अडखळून पडलं, तर सही कोणाची शोधतील?"

चेहरा उतरला त्याचा. "लेखी द्याल का?"

द्याल का! जन्म सरकारी खात्यात गेला माझा. माणूस हलवायचा तर सतरा नियम आडवे येतात. बाक हलवायला एक घाबरलेला साहेब पुरतो.

१२ मार्च

दिला अर्ज. इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. आग हा शब्द तीनदा घातला.

बसा आता हवेवर!

१६ मार्च

यांनी आज आपल्याच कपाटासमोर उभं राहून विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, "मेलेल्या बाईच्या नवऱ्याचं." हसले. मला वाटलं होतं ओशाळतील. निगरगट्ट!

२२ मार्च

बाक गेला! मुद्दाम वेळ साधून गेले बघायला. दोन माणसं, एक कापायचं यंत्र, ठिणग्या. चौघे बाजूला उभे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. शिंपी विचारत होता, "दुरुस्तीला नेताय ना? परत आणणार ना?" कामगार म्हणाला, "काका, वरून ऑर्डर आहे." आता तिथे एक तिरका लोखंडी दांडा बसवलाय. बसता येत नाही, नुसतं ढुंगण टेकवायचं.

हे दांड्यावरून हात फिरवत होते. मग खांबाभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. बाक पलीकडे असेल असं वाटलं की काय!

मी पुढे झाले नाही. चार वेळा सरकून जागा देत होते ना तुम्हाला ते लोक? घ्या आता.

गुडघे मात्र ठणकले. दम खायला जागाच नव्हती.

२४ मार्च

हे दुपारी जेवायला आले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. मला वाटलं, दुसरा बाक शोधला असेल. नवी पंचायत, नव्याने माझं मरण!

अंधार पडता पडता बेल वाजली. शिंपी! हाताला धरून हे. पायात एकच बूट.

"तुम्ही यांच्या बहीण का?" शिंप्याने विचारलं.

"मी यांची मेलेली बायको!"

म्हाताऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच. यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, खोटं बोलणाऱ्यातले नाहीत हो ते."

"म्हणजे मी मेले?"

"तसं नाही... स्टेशनाला एवढे जिने. यांना आपला कुठला ते उमगत नाही. आम्ही रोज कोणीतरी वर आणून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायचो. आता बाक गेला, आमचं बसणं मोडलं. आज मी सहज उतरलो म्हणून... पलीकडच्या टोकाला भिंतीशी उभे होते. सकाळपासून असतील. उभेच. कोणी केलं असेल हो हे? कोणाच्या डोळ्यांत खुपलो आम्ही?"

मी म्हटलं, "आभार," आणि दार लावलं.

आगाऊ मेला. मला शिकवतो! पाय सुजलेत यांचे. शेकायला गरम पाणी दिलं. पाण्यात पाय घालून म्हणाले, "बरं वाटलं." एवढंच.

२५ मार्च

लेकीचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही.

२६ मार्च

हे घरीच. खिडकीशी खुर्चीत. मी बोलले, टोचून बोलले, ओरडले. प्रत्येक वेळी मान हलवतात, परक्याच्या घरी हलवावी तशी.

२७ मार्च

सकाळी चहा दिला. उठून उभे राहिले, कप दोन्ही हातांनी घेतला. "बाई, फार करता तुम्ही माझं. आमची ही असती तर तुम्हाला एवढा त्रास पडला नसता." मग जरा वाकून, गुपित सांगावं तसं — "तुम्ही पाहिलंत का हो तिला? फार हसायची."

मी म्हटलं, "नाही. मी नंतर आले."