चौदा नव्हे, एकेचाळीस

३ मार्च
मोबाईलवरचा आमचा सकाळच्या प्रार्थनेचा गट अ‍ॅपवाल्यांनी बंद पाडला. कुणाची तरी भाषा खटकली म्हणे. गटप्रमुखाने सगळ्यांना दुसऱ्या, छोट्या अ‍ॅपवर बोलावलं — तिथे कोणी तोंड दाबत नाही. चारशे जणांतले साठच आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, प्रार्थनेला लपावं का लागतं?"

११ मार्च
प्रार्थना आता दोन ओळींची. मग दिवसभर 'ते लोक'. एकाने शिवी दिली की दुसरा त्याहून जहाल देतो. मवाळ बोलेल त्याची टर उडवतात, मग तो निघून जातो. उरतात ते आणखी चढतात. काल मीही एक टोमणा लिहिला. एकोणचाळीस अंगठे! सव्वीस वर्षं पाण्याची मीटरं वाचतोय, दारात कोणी नाव विचारलं नाही. इथे म्हणतात, काका, तुम्ही तर छुपे रुस्तम. दिवसभर गालातल्या गालात हसत होतो.

१९ मार्च
गटावर 'त्यांच्या' घरांची यादी आली. आठ पत्ते. निवृत्त कंपाउंडरांच्या घराचा नंबर चौदा लिहिलेला. चौदा तर दोन वर्षं कुलूपबंद! चुकीचा नंबर मला बघवतच नाही. लिहिलं — चौदा नव्हे, एकेचाळीस. निळं दार.
यादी कशाला हवी, ते विचारलं नाही.

२२ मार्च
एकेचाळीसच्या खिडक्या फोडल्या. कंपाउंडरांच्या बायकोच्या डोळ्यात काच गेली.
गटावर फोटो, खाली हसरे चेहरे. काकांचे खास आभार.
देवासमोर बसलो. हात जोडले, प्रार्थना न म्हणताच उठलो.

२३ मार्च
गप्प बसलो असतो तर दगड रिकाम्या घरावर पडले असते.

२५ मार्च
आज त्याच गल्लीची मीटरं. कंपाउंडर खिडकीला पुठ्ठा ठोकत होते. म्हणाले, मीटरवाले, जपून, अजून काचा आहेत. वाकून आकडा टिपला. सगळं ओठांवर आलं होतं; "बाई कशा आहेत?" एवढंच विचारलं. एका डोळ्याने दिसेल, म्हणाले.
भेकड आहे मी.

२६ मार्च
सकाळी जाऊन सांगितलं. मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, थोबाडीत मारा. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली.
"बाकीचे सात पत्ते बरोबर आहेत?"
सातही बरोबर. चार घरी दोघांनी जाऊन सावध केलं, तीन राहिलीत. मी दोन घास खायला घरी आलोय. ते फाटकाशी उभे आहेत. आत या म्हटलं, आले नाहीत.