छपरावरून पाहिलेला सामना

ती. मॅव्हिसताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द खरा धर. कंबर धरल्यामुळे चार दिवस तसाच पालथा पडून आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे खुशाल, म्हणजे मी हातपाय न मोडता छपरावरून खाली आलो आहे, या अर्थानं खुशाल.

गेल्या नाताळात तुझ्याच टेबलावर, तुझंच हॅम खाऊन, महिन्याचे पैसे भरून टीव्ही बघणाऱ्यांना मी खुळे म्हणालो होतो, ते तू विसरली असशील. (नसशीलच म्हणा.) पण ताई, चित्र हवेतून फुकट दारात येतं, तेही इतकं लख्ख की पंचाच्या नाकावरचा घाम दिसावा, तर पैसे का भरायचे? म्हणून आपल्या टेगनचा संघ ऑस्ट्रेलियन महिला फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचला तेव्हा मी अख्ख्या गल्लीला घरी बोलावलं. सामना पार ॲडलेडला, एवढा प्रवास आमच्या हिच्या, ग्लेनिसच्या, नव्या खुब्याला झेपणारा नाही. आणि नातीला मागच्या कुरणात सहाव्या वर्षापासून चेंडू मारायला शिकवलं ते मी, तेव्हा तिचा गोल माझ्याच घरात दिसायला हवा, असा माझा हट्ट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जुनी अँटेना काकाकुव्यांनी खाल्ली होती. (तार, रबर, सगळं. देवानं त्यांना चोच दिली की पक्कड, कोण जाणे.) नवी आणली, खोक्यावरच्या चित्राप्रमाणे काड्या आडव्या ठेवून बसवली, तर पडद्यावर नुसता अंधार. मग लक्षात आलं, गल्लीतल्या एकूण एक अँटेनांच्या काड्या उभ्या आहेत. मी म्हटलं, गेल्या वादळात कलंडल्या बिचाऱ्या, आणि लोक इतके आळशी की कुणी वर चढून बघत नाही. शेजारधर्म म्हणून स्टॅव्ह्रोसच्या छपरावर जाऊन त्याची नीट आडवी करून आलो. तो बिचारा तीन दिवस टीव्हीविना बसला आणि चॅनलवाल्यांना फोन करून शिव्या देत राहिला. शेवटी दुकानदारानं मला सांगितलं की आपल्या टेकडीवरचा टॉवर लहरीच उभ्या सोडतो, म्हणून इथे अँटेनेच्या काड्या उभ्याच ठेवायच्या. स्टॅव्ह्रोसची मी गुपचूप परत उभी केली. शिडी उतरतोय तर तो खाली हाताची घडी घालून उभा. शिव्या न घालता पुढे होऊन त्यानं शिडी धरली. ते जास्त लागलं.

सामन्याला मात्र चित्र असं आलं की पंचाच्या नाकावरचा घाम दिसावा. शेवटची तीन मिनिटं, आपण चार गुणांनी मागे, म्हणजे सहा गुणांचा एक गोल झाला की जिंकलो, आणि चेंडू हवेत झेलला कुणी? आपल्या टेगननं! तेवढ्यात चित्राचे चौकोनी तुकडे झाले. बाहेर जाऊन बघतो तर माझ्या अँटेनेवर सात काकाकुवे, आणि अँटेना त्यांच्या वजनानं फिरलेली. (ग्लेनिस त्यांना रोज सूर्यफुलाच्या बिया घालते. घरचा भेदी, दुसरं काय.) मी वर चढलो, त्यांना हाकललं, अँटेना फिरवली आणि दांडा धरला. खिडकीतून ग्लेनिस ओरडली, "आलं, आलं! डेस, आता हलू नकोस!" सोडला की चित्र जायचं, धरला की यायचं. स्टॅव्ह्रोस खालून डावीकडे, उजवीकडे सांगत होता, उंटावरचा शहाणा. पत्रा तापलेला, पाय भाजत होते. मी हललो नाही, ताई. मग घरातून असा गलका उठला की काकाकुवेसुद्धा उडाले.

टेगननं गोल केला. आपण जिंकलो. पंधरा माणसांनी पाहिलं, आणि मी समोरच्या डोंगराकडे तोंड करून दांडा धरून उभा होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. फार वाईट वाटलं.

तुझा,
डेस्मंड

ता. क. भावोजींच्या त्या पैसे भरायच्या टीव्हीवर झालेला सामना परत बघता येतो असं ऐकतो. मला काही त्यात रस नाही, सहज विचारलं.

ता. क. आता खरं लिहितो. सामना संपल्यावर टेगनचा मैदानातूनच फोन आला. म्हणाली, "आजोबा, पाहिलंत ना?" मी म्हटलं, पाहिलं की. मग म्हणाली, "आणि गोल मारल्यावर मी कॅमेऱ्याकडे बघून जे केलं ते? ते फक्त तुमच्यासाठी होतं." मी म्हटलं, तेही पाहिलं. पोर फोनवरच रडायला लागली. तिनं काय केलं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. गोलच्या वेळी ग्लेनिसनं डोळे झाकले होते आणि बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. पुढच्या रविवारी टेगन जेवायला येतेय. फोन करू नकोस, ग्लेनिस उचलते. उलट टपाली एवढंच लिही, ताई: काय केलं गं तिनं?