तोरणाखालचा व्होरेशस

श्री

नांदुरा,
भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके १८५७

तीर्थरूप बाबा यांस,
सोजराचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. मायचे गुडघे आता कसे आहेत ते कळवावे. आमची कपाशी कमरेला लागली आहे आणि वांग्यांना चांगला बहर आहे.

हे पत्र तुम्हाला रुखमीच वाचून दाखवत असणार, म्हणून आधी माझ्या ह्या धाकट्या बहिणीला सांगते. रुखमे, मोठ्यानं वाच, एक ओळ गाळू नको. गाळलीस तर मला इथं कळेल.

बाबा, तुमचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचलं. रुखमी उन्हाळ्यात चौथी पास झाली, आता तिला पुढं शिकायला नांदुऱ्याच्या शाळेत पाठवत नाही, घरीच बसवतो, असं तुम्ही कळवलं. वर विचारलं, तुला चौथीपर्यंत शिकवलं ते चुलीपाशी काय कामाला आलं? सांगितलं तुम्ही आणि लिहिलं रुखमीनं. अक्षर तिचंच होतं. त्याचं उत्तर मागून देते. आधी आमच्या पोळ्याची हकिगत ऐका, कारण ती सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही! हे पत्र टपालात न टाकता ह्यांच्या हाती का पाठवलं तेही मागून कळेल.

तुम्हाला माझे दीर निवृत्ती भाऊजी ठाऊक आहेत. इंग्रजी शाळेत जातात. त्यांचे वामनराव मास्तर मोठे कडक, दर शनिवारी इंग्रजीतले अवघड अवघड शब्द पाठ करून आणायला लावतात आणि चुकलं की छडी. भाऊजी दिवेलागणीला परवचा म्हणतात तसे ते शब्द घोकायचे आणि सकाळी सगळं साफ! हात सुजलेले बघून माझा जीव तुटायचा. मात्र गंमत अशी, की ह्याच पोराला आळीतल्या झाडून साऱ्या झडत्या तोंडपाठ. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की एकानं गाण्यात टोमणा मारायचा आणि दुसऱ्यानं गाण्यातच फेडायचा, त्यात भाऊजींचा हात कोणी धरत नाही.

मग मी म्हटलं, "भाऊजी, शब्दांची झडती करा नं."

"वयनी, इंग्रजीची झडती होते काय कुठं?"

"काऊन नाही होत? तुमी शब्द सांगा, आपन जुळवू."

अन् बाबा, काय मजा आली म्हणून सांगू! मी भाकरी थापायची, ते चुलीपाशी बसून शब्द आणि त्याचा मराठी अर्थ वाचायचे. एकेक शब्द आम्ही घरातल्या एकेकाला वाटून टाकला. आमचा चांद्या बैल दिवसभर नांगर ओढून थकत नाही, तो इनडिफॅटिगेबल. काळी म्हैस ओढली तरी हलत नाही, ती ऑब्स्टिनेट. सासूबाई भीक मागायला आलेल्याला कधी रित्या हातानं पाठवत नाहीत, त्या बेनिव्हलंट. मला ए बी सी ओळखू येत नाही, पण अर्थ मराठीत असतो आणि मराठी मला वाचता येतं. भाऊजी शेतावर गेले की मी त्यांचं पुस्तक उघडून पुढचे अर्थही वाचून ठेवायची. छडी बंद झाली. मास्तर विचारायला लागले, "निवृत्ती, शिकवणी कुठं लावली बे?" भाऊजी नुसते हसायचे.

रुखमे, हसू नको. पुढं वाच.

आता पोळा. आमच्या आळीत पाटलाच्या जोडीनंतर तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार हे झडतीवर ठरतं. जिंकेल त्याचा मान. गेली काही वर्षं तो मान रंगरावांकडे आहे. त्यांची जोडी धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, हा मान फार दिवसांपासून हवा होता. बोलायचे नाहीत, पण चांद्याच्या शिंगांना हिंगूळ लावताना त्यांचे हात बघितले की कळायचं.

आम्ही बायका आरतीची ताटं घेऊन मारुतीच्या ओट्यावर उभ्या होतो. रंगरावांची झडती झाली, लोकांनी वा वा केलं. मग आमचे भाऊजी पुढं झाले आणि कानावर हात ठेवून ठणठणीत म्हणाले:

"नांगर ओढला, वखर ओढला, ओढलं सारं रान,
उन्हातान्हात चांद्यानं कधी टाकली नाही मान,
इनडिफॅटिगेबल बैल माहा, त्याले पयला मान,
रंगरावचा व्होरेशस, त्याचं वैरनीवर ध्यान!
हर हर महादेव!"

अहाहा! सारी आळी एकदम ओरडली, महादेव! डफडं वाजलं, पागोटी उडाली.

पण रंगराव लालबुंद. "व्होरेशस म्हंजे काय बे? माह्या बैलाले इंग्रजीत शिवी देऊन राह्यला काय?"

झडतीची रीत तुम्हाला माहीत आहे. कोणी अर्थ विचारला तर सांगावा लागतो, नाही सांगितला तर हरलात. अन् आमच्या भाऊजींना ऐन वेळी अर्थच आठवेना! रंगरावांची माणसं काठ्या घेऊन सरकायला लागली. मामाजी एकटक त्यांच्याकडे बघत होते. इतक्यात बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं:

"शिवी नोहे ते! व्होरेशस म्हंजे खादाड! खादाड!"

सगळ्यांनी रंगरावांच्या बैलाकडे बघितलं. बाबा, देवाची शप्पथ, त्या बैलानं मान उंच करून तोरणाचीच आंब्याची पानं ओढली होती आणि डोळे मिटून चावत होता! माणसं पोट धरून हसली. पाटील नारायणराव तर डोळे पुसायला लागले. वामनराव मास्तर तिथंच होते, ते म्हणाले, "अर्थ बरोबर हाये."

पण रंगराव कसले ऐकतात! "बाई बोलली. बाईच्या तोंडानं झडती जिंकतात काय? बाद करा."

पाटलांनी मामाजींना विचारलं, "शेषराव, कोन बोललं? पोरानंच सांगतलं म्हन, मान तुहा. बाईमानूस बोललं असंन तं झडती बाद, मान रंगरावाचा."

किती सोपं होतं, बाबा! नुसतं 'पोरगा' म्हणायचं होतं. ऐकणारे अर्धे आमचेच होते, कोणी तोंड उघडलं नसतं. कोणीतरी ओरडलं असं मी वर लिहिलं, पण आता लपवून काय करू? मीच ओरडले. भर पोळ्यात, सासऱ्यांसमोर, पदर डोक्यावरून घसरलेला. तोंडातून निघून गेलं.

मामाजींनी चांद्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लबाड कायले बोलू? माही सून बोलली. सोजरा तिचं नाव. चौथी शिकेल हाये." आणि आपल्या हातानं चांद्याची वेसण धरून जोडी मागं घेतली.

रंगरावांची जोडी पुढून गेली. मान गेला आमचा. मी ओट्यावरच रडले.

घरी आल्यावर सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "माय वं! आता आळीत तोंड कसं दाखवू?" मी खालमानेनं पुरणपोळ्या वाढत होते. ह्यांनी आणखी एक पोळी मागितली आणि सासूबाईच फणकाऱ्यानं म्हणाल्या, "घे, व्होरेशस मेला!" सगळं घर हसलं, त्याही हसल्या. आता तर आळीतली पोरं रंगरावांच्या बैलाला त्याच नावानं हाक मारतात, आणि काल खुद्द रंगरावच आपल्या बैलाला "चाल बे व्होरेशस" म्हणताना भाऊजींनी ऐकलं!

हात धुतल्यावर मामाजी म्हणाले, "तुह्या मायेरचं, वरवटचं पत्र आलं नं? वाच."

मला ते वाचायचं नव्हतं, बाबा. पण वाचलं. 'चुलीपाशी काय कामाला आलं' हेसुद्धा गाळलं नाही. मामाजी सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, "चार मानसांत मी बोलून बसलो, माही सून शिकेल हाये म्हनून. आता तिचीच बहीन अडानी राह्यली तं लोक माह्या तोंडात शेन घालतीन. पोरीले इथं आना. निवृत्तीसंगं शाळेत जाईन. माह्या घरात खायाले कमी नाही."

मास्तरांना विचारलं आहे. शाळेत स्टेशनमास्तरांच्या दोन मुली आहेतच, त्यांच्या बाकावर रुखमीला जागा देतो, पण गणपतीच्या आधी नाव घाला, असं ते म्हणाले. पूर्णा नदीचं पाणी उतरलं, गाडी जाते. म्हणून हे पत्र टपालानं आलं नाही. तुमचे जावई आत्ता तुमच्यासमोर बसले असतील आणि काही बोलत नसतील, कारण बोलायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

बाबा, मला शाळेतून काढलं तेव्हा मी तुमच्यापुढं एक शब्द बोलले नाही. गोठ्यात जाऊन रडले आणि भाकरी शिकले. मला पुढं शिकायचं होतं, फार फार शिकायचं होतं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि त्याचा मला राग आहे हेही लिहिते. ज्या पोरीला शाळेतून काढायचं, तिच्याच हातून ते पत्र लिहून घेताना तुम्हाला कसं हो काही वाटलं नाही?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मामाजींना तो मान किती हवा होता, ते मी पाहिलं आहे. माझी चौथी लपवली असती तर तो मिळत होता. त्यांनी लपवली नाही. परक्या घरच्या माणसाला माझ्या शिक्षणाची एवढी किंमत वाटली, ती तुम्हालाही वाटावी.

जावयाला रिकाम्या हातानं परत पाठवायची आपल्यात रीत नाही. धोतरजोडी नको, टोपी नको. रुखमीला गाडीत बसवून द्या.

रुखमे, वाचून झालं. आता कागद खाली ठेव, आणि बाबा हो म्हणेपर्यंत जागची उठू नको.

मायला नमस्कार.

एवढी एक गोष्ट सोडून तुमची आज्ञाधारक मुलगी,
सोजरा