तपासले. उत्तम.

६ जानेवारी, सोमवार
नवी वही. गेल्या वर्षीची रोजनिशी नवव्या पानावर थांबली, पण तो दोष कागदाचा होता. शाई फुटायची.

संकल्प तीनच. रोज लिहिणे. कोणावर न चिडणे. आठ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला तीनशे माणसं आणणे.

दुपारी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, आठ तारखेलाच आंतरशालेय कुस्तीची फायनल आपल्या हॉलमध्ये आहे, तर प्रदर्शन आठवडाभर पुढे ढकलता का सर? मी म्हटलं, मुळीच नाही. एकीकडे विज्ञान, दुसरीकडे दांडगाई. माणसं कुठे जातात ते बघूच! बाईंना खोकला आला. बराच वेळ आला.

दुसरा संकल्प उद्यापासून.

८ जानेवारी, बुधवार
नववीच्या बेचाळीस जर्नल्स आल्या. संध्याकाळी बातम्या बघता बघता सगळ्या तपासून मोकळा झालो. चौतीस मिनिटं. एकोणीस वर्षांच्या सरावाने नजर अशी तयार झाली आहे की पान उघडलं की चूक आपण होऊन समोर येते. सगळीकडे शेरा: 'तपासले. उत्तम. असेच प्रयत्न चालू ठेवा.' मुलांना उत्तेजन हवं.

आमची बारकी माझ्याच वर्गात आहे. शाळेत मला 'सर' म्हणते, घरी 'बाबा'. तिची जर्नल तिने स्वतः माझ्या हातात दिली आणि सही होईपर्यंत खुर्चीमागे उभी राहिली. सही झाल्यावर मागून गळ्यात हात टाकले. भौतिकशास्त्राची एवढी ओढ! शेवटी रक्तच आहे.

१३ जानेवारी, सोमवार
शाळेला कुस्तीचं वेड लागलंय. स्टाफरूममध्ये तोच विषय. जबाबदार पीटीचे सर. यांना अख्खी शाळा 'शिट्टी सर' म्हणते, कारण गळ्यातली शिट्टी जेवतानासुद्धा उतरत नाही. भूगोलाच्या बाई, ज्यांना घरचा डबा उघडता येत नाही, त्या आज मला दुहेरी पट हा डाव म्हणजे काय ते समजावत होत्या.

कुस्ती लोकांना का आवडते, यावर मी विचार केला. एक, बघायला पैसे पडत नाहीत. दोन, डोकं लागत नाही. दोन जण एकमेकांना घट्ट मिठी मारतात आणि तिसरा शिट्टी वाजवून ती सोडवतो. यात कळायचं काय आहे? तीन सुचलं नाही. दोन पुरेत.

बारकी हल्ली उशिरा येते. विचारलं तर म्हणाली, प्रॅक्टिस. म्हणजे प्रॅक्टिकल. माझ्या प्रदर्शनाच्या तयारीला लागली असणार. तोंडाने बोलत नाही, करून दाखवते. माझ्यासारखी.

१७ जानेवारी, शुक्रवार
बारकीच्या कोपराला खरचटलंय आणि कान लाल. मी म्हटलं, पेटीतली अवजारं जपून हाताळ. ती हसली.

जेवण कमी केलंय पोरीने. गोड बंद, भात मोजून. न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ उभी राहते आणि आकडा वहीत लिहिते. मापनाची गोडी लागली, हे मला मान्य आहे. पण उपाशी राहून विज्ञान होत नाही. हिला म्हटलं, तिला दोन घास जास्त वाढत जा. ही म्हणाली, तुम्हीच सांगा तिला, तुम्हाला सगळं माहीत आहे. बायको इतक्या सहज कबूल करते तेव्हा बरं वाटतं.

२२ जानेवारी, बुधवार
शत्रूचा अभ्यास करावा म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाली हॉलमध्ये डोकावलो. फक्त पाच मिनिटं.

एक तास दहा मिनिटं झाली. याला कारण आहे. लांबचा चष्मा घरी राहिल्यामुळे निरीक्षणाला वेळ लागतो.

मुलींचा सराव चालू होता. एक किडकिडीत पोर, डोक्याला कानपट्टीचं हेल्मेट, समोर तिच्या दीडपट मुलगी. वाटलं, संपलं. पण ती पोर खाली वाकली, सरळ आत घुसली, गुडघ्यामागे हात घातला आणि दांडगीला उताणं पाडलं. माझा हात खिडकीच्या कठड्यावर आपटला. परीक्षानळ्यांचा स्टँड पडला. अकरा नळ्या.

लॅबच्या मामांनी विचारलं, काय झालं सर? मी म्हटलं, वारा. ते म्हणाले, पंखा बंद आहे. हल्ली सगळ्यांना प्रश्न विचारायची सवय लागली आहे.

जेवताना घरी सांगितलं. कोणाची पोर आहे कोण जाणे, काडीसारखी, आणि तिला त्या गादीवर लोळवतात. आईबाप झोपा काढतात का? असल्या आईबापांना आधी उभं करून विचारलं पाहिजे. बारकीचा घास हातातच राहिला. हळूच म्हणाली, पण चांगली खेळली का ती? मी म्हटलं, चांगलं-वाईट हा प्रश्नच नाही, मुद्दा रानटीपणाचा आहे. ती ताट उचलून गेली. ही माझ्याकडे अशी बघत राहिली की मीठ पुढे करायचंच विसरली.

२९ जानेवारी, बुधवार
प्रदर्शनाचा मुख्य प्रयोग ठरला: 'घर्षण: आपला अदृश्य मित्र.' उतरत्या फळीवरून ठोकळा घसरणार. पोस्टर बारकीला काढायला सांगितलं. तिने सुंदर काढलं. कोपऱ्यात दोन छोटी माणसं झोंबताना काढली होती आणि त्यांच्या पायाखाली लिहिलं होतं, 'पाय इथे घर्षणामुळे टिकतो.' मी ती माणसं पांढऱ्या रंगाने झाकली. प्रदर्शनात असले चाळे नकोत.

पोरीने ब्रश धुऊन ठेवला. मुलांना शिस्तीचं वाईट वाटत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
संधी चालून आली! शिट्टी सर स्वतः प्रयोगशाळेत. हात जोडून म्हणाले, फायनलच्या वजनासाठी तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळेल का? प्रत्येक मुलाला वजनगट असतो. त्याच्या वर शंभर ग्रॅम जरी गेला तरी खेळता येत नाही.

शंभर ग्रॅम जरी! मी म्हटलं, काटा देतो, पण काट्यावर मी बसणार. रजिस्टर मी लिहिणार. ग्रॅमची सूट नाही. ते म्हणाले, तसंच पाहिजे सर, तुमच्याइतका काटेकोर माणूस कुठे मिळणार? भोळा आहे बिचारा. आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

अंदाज: निम्मे गडी काट्यावरच बाद. कुस्ती दहा वाजता आटोपणार. रिकामी गर्दी सरळ वर माझ्या घर्षणाकडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काटा प्रमाणित वजनं ठेवून तपासला. पाच किलो म्हणजे पाच किलो. डोळ्यांत पाणी यावं इतका अचूक.

एकच चिंता. उद्या त्याच्यावर साठ घामट पाय पडणार. उपाय योजला आहे.

बारकीने रात्रीचं जेवण घेतलं नाही, पाणीही घोटभर. मी ओरडलो. ही म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे, मग खाईल. प्रदर्शनाचा ताण आईलासुद्धा कळतो.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७.४०
वजनाच्या टेबलावरून लिहितो आहे. काटा चालू केला. शून्य. मग त्यावर प्रयोगशाळेतलं काळं रबरी पायपुसणं अंथरलं. काच सुरक्षित. आकड्यांची पेटी माझ्याकडे तोंड करून ठेवली, म्हणजे कोणी मान वाकडी करून वाद घालणार नाही.

सकाळी ८.१५
चार बाद! सगळे तीनशे-चारशे ग्रॅमनी वर. एक जण रडला. शिट्टी सर म्हणतात, काल संध्याकाळी बरोबर भरले होते हो. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही.

सकाळी ८.३०
सात बाद. शिट्टी सरांचा चेहरा बघवत नाही. मी बघतो आहे.

सकाळी ८.३५
रांगेत पुढची बारकी.

दुपारी ४ वाजता, घरी
क्रमाने लिहितो. निदान क्रम तरी असू दे.

आधी वाटलं, रजिस्टर धरायला आली. पण पोशाख कुस्तीचा. बगलेत कानपट्टीचं ते हेल्मेट. मी विचारलं, तुला परवानगी कोणी दिली? शिट्टी सर गोंधळले, म्हणाले, सर, तुम्हीच. फाइल उघडून पालकांचं संमतिपत्र दाखवलं. ८ जानेवारी. खाली माझी सही. वर माझा शेरा: 'तपासले. उत्तम. असेच प्रयत्न चालू ठेवा.'

फसवणूक! जर्नलच्या पानांत घुसवला कागद! हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणता येईना, कारण मग बातम्या बघत सह्या करतो हेही म्हणावं लागलं असतं.

ती काट्यावर चढली. गट सेहेचाळीसचा. आकडा सेहेचाळीस पूर्णांक तीन. मी आकडा वाचला. माझाच आवाज, पण कोणी दुसऱ्याने वाचल्यासारखा लागला. नियमाप्रमाणे अर्धा तास मिळतो. दोन स्वेटर घालून ती व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. ओठ सुकलेले. आई भिंतीला टेकून उभी. मी टेबलाशी बसून दोरीचे आवाज मोजत होतो. चारशे बारा.

परत आली. सेहेचाळीस पूर्णांक दोन. तिने आईकडे वळून कात्री मागितली, वेणी कापायला. रजिस्टरवर पेन टेकवलं होतं ते तसंच राहिलं, शाईचा डाग पडला.

उतरल्यावर तिची नजर माझ्याकडे तोंड केलेल्या आकड्यांवर गेली. काट्यावर कोणी नव्हतं आणि आकडा होता शून्य पूर्णांक चार. ती सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, सर, झिरो एरर.

पायपुसणं. चारशे ग्रॅमचं पायपुसणं.

मापनाच्या धड्याचं पहिलं वाक्य आहे ते. रिकाम्या उपकरणाचं वाचन आधी बघा. एकोणीस वर्षं मी ते फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. पायपुसणं मी स्वतः ओढून काढलं. सातही गडी परत रांगेत. बारकी पंचेचाळीस पूर्णांक आठ. चारशे बारा उड्या मारायची गरजच नव्हती.

प्रदर्शनाला एकूण प्रेक्षक दोन. एक स्वच्छतागृह शोधत होता. दुसऱ्याने त्याला रस्ता दाखवला.

अकरा वाजता खाली गेलो, फक्त काटा परत आणायला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बसायला माझ्याच प्रयोगशाळेची स्टुलं, प्रत्येकाच्या पाठीवर माझ्याच अक्षरात 'बाहेर नेऊ नये'. मी दाराशी चवड्यांवर उभा राहिलो. पहिली कुस्ती जिंकली पोर. दुसरीही. फायनलला समोर दुसऱ्या शाळेची पोर. शेवटचे वीस सेकंद, बारकी एका गुणाने मागे, आणि कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, 'वाक! खाली वाक! गुडघ्यामागे!' लोक वळून बघायला लागले तेव्हा कळलं, कोण ते.

वाकली. पण पायांत जोर उरला नव्हता. एका गुणाने हरली. त्या उड्या कोणी मारायला लावल्या, ते मी इथे लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आवाज गेला आहे. कारण हवामान.

शिट्टी सरांविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. मुद्दा: पालकाची फसवून सही. पुरावा म्हणून बारकीची जर्नल मागितली. तिने आणून दिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, तेच जास्त लागलं.

कागद पानांत घुसवलेला नव्हता. पहिल्याच पानाला उघड टाचलेला होता, टाचणीची भोकं अजून आहेत. शिट्टी सरांना फक्त वरचा अर्धा भाग हवा होता, तो फाडून दिलेला. खालचा अर्धा तिने जर्नलला चिकटवून ठेवला आहे. त्यावर तिचं अक्षर:

'बाबा, तुम्हाला कुस्ती आवडत नाही, मला माहीत आहे. नको असेल तर नुसतं सांगा. मी नाही जाणार. पण एकदा बघायला याल का?'

त्याच्या बाजूला माझी लाल शाई. एक बरोबरची खूण. तपासले.

ही म्हणाली, महिनाभर पोर वाट बघत होती, बाबा आपणहून काहीतरी बोलतील. सही केल्यावरही तुम्ही जेवताना तसं बोलायचात, तर मी तिला समजावायची की थट्टा करतात गं, त्यांनी वाचूनच सही केली आहे, ते न वाचता सही करत नाहीत.

तक्रार फाडली.

१० फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी
नववीच्या बेचाळीस जर्नल्स आल्या. टीव्ही लावला नाही. पहिलीच वाचायला घेतली. तिसऱ्या प्रयोगात, निरीक्षणाच्या जागी, लिहिलं आहे: 'सर वाचत नाहीत. पैज.' खाली ऑगस्टची तारीख आणि माझा शेरा, उत्तम.

आतापर्यंत चार वाचून झाल्या. बारकीची सर्वांत खाली ठेवली आहे. ती खुर्चीमागे उभी नाही. आत आईशी बोलते आहे, पुढच्या वर्षीचा फॉर्म आत्ताच मिळतो म्हणे. आईची सही चालते का, असं विचारते आहे.